खुर्चीतून न उठणारी इच्छा

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझं नाव व्हेलीइटी. ओळखत नसाल तर ओशाळू नका. खुद्द इंग्रजी बोलणारेही मला फारसे ओळखत नाहीत.

माझं मूळ लॅटिन. ‘वेल्ले’ म्हणजे इच्छा असणे. त्या क्रियापदावरून जुन्या पंडितांनी मला घडवलं आणि अर्थ दिला तो असा: इच्छा तर आहे, पण हातपाय हलवण्याइतकी नाही. काही काळ विद्वानांनी माझं कौतुक केलं, पुढे मी अडगळीत पडलो. शब्दकोशाच्या एका पानावर, भिंग लावून वाचावं अशा बारीक अक्षरात, मी एकटाच पडून होतो. गंमत पाहा, माझा अर्थ जगणारी माणसं घरोघरी, पण मला हाक मारणारं कुणी नाही!

एका दुपारी एका अनुवादक बाईंनी ते पान उघडलं. शेजारच्या खुर्चीत त्यांचे वडील पाय पसरून बसले होते.

“बाबा, आज तरी काकांकडे जायचं ना? त्यांची नजर फार दिवस टिकणार नाही, डॉक्टरच म्हणालेत.”

“जायचंय गं. दादाने मला एकदा डोळे भरून बघायला हवंच. जरा ऊन उतरू दे, मग बघू.”

“महिनाभर हेच चाललंय तुमचं!” असं म्हणून बाईंनी माझा अर्थ मोठ्याने वाचून दाखवला.

बाबा खो खो हसले. “अगं, हा तर माझ्यासाठीच केलेला दिसतोय!”

मी हरखून गेलो. किती वर्षांनी कुणीतरी मला आपलं म्हटलं होतं! पण बाबांचं हसू ओसरलं. ते एकदम उठले.

“चप्पल कुठेय माझी? चल, आत्ताच जाऊ.”

दोघं घाईघाईने गेली. खोली सुनी झाली. मला पोरकं वाटलं, तरी मनातून सारखं वाटत होतं, यांना उशीर न होवो.

संध्याकाळी दोघं परतली. बाबा बराच वेळ दाराशीच उभे होते.

“समोरच बसलो होतो मी,” ते म्हणाले, “आणि दादा विचारतो, मिशी पिकली का रे तुझी?”

बाईंनी शब्दकोश हलकेच मिटला.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला विसरू नका. माझं मागणं उलटं आहे. ज्याला भेटायचंय त्याच्याकडे आजच जा, आणि मला खुशाल इथे एकटं पडू द्या.