चौथ्या मजल्यावरचा बेसबॉल

हुदाकबाईंनी फोन कानावर इतका दाबून धरला होता की कानातली कुडी रुतत होती.

"रविवार आहे, प्रार्थनेची वेळ झालीय, आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा! आमची स्लोव्हाक गाणी कुठं गेली?"

पलीकडे त्या छोट्या वाहिनीचा मालकच होता. आवाज थकलेला.

"शुक्रवारी वाहिनी बंद केली, बाई. यंत्रंही विकली."

"त्या एका कार्यक्रमासाठी मी टीव्ही ठेवलाय! किती हवेत ते सांगा, मी देते."

"एकट्या तुम्ही कुठवर देणार? लोक केबलवरच्या सगळ्या वाहिन्यांचा अख्खा गठ्ठा घ्यायचे, तेव्हा घरटी दोन-चार सेंट आमच्याही वाट्याला यायचे. आता जो तो आपल्याला हवं तेवढंच घेतो."

"म्हणजे न बघणाऱ्यांच्या पैशावर चाललं होतं?"

"जास्त करून बेसबॉल बघणाऱ्यांच्या."

हुदाकबाईंनी फोन आपटला.

बाई राहायच्या त्या पिट्सबर्गमधल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत पूर्वी केबल सगळ्यांची मिळून होती. गेल्या हिवाळ्यातल्या बैठकीत टेबलावर हात आपटून बाईच गरजल्या होत्या, "त्या डॉमच्या बेसबॉलचे पैसे मी का भरायचे? फुकट्यांना पोसायचा मक्ता घेतलाय का मी?" पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला डॉम फेरांते समोरच बसला होता. हात वर झाले, टाळ्या पडल्या, सगळ्यांची केबल तुटली आणि ज्यानं त्यानं हव्या त्या वाहिन्या सुट्या घेतल्या.

"लबाड लेकाचे!" बाई रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडल्या. "इतकी वर्षं हे केबलवाले म्हणाले, सगळं घ्या नाहीतर काहीच नाही. आता सुटं करून दिलं तर त्यातलं निम्मं मेलं. आणि कुणी एका शब्दानं सांगितलं नाही!"

दुपारपर्यंत त्या धुमसत राहिल्या. मग सपाता घालून चौथ्या मजल्यावर गेल्या.

डॉमच्या खोलीत रेडिओवर सामन्याचं वर्णन चाललं होतं. टीव्हीवर टॉवेल वाळत होता.

"बघत नाही?"

"परवडत नाही. नुसत्या बेसबॉललाच आता पूर्वीच्या अख्ख्या गठ्ठ्याएवढे पैसे मागतात. तुमच्या कृपेनं."

"माझ्या नाही, त्या चोरांच्या!" बाईंचा आवाज चढला. मग त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. "पुन्हा सगळ्यांनी मिळून केबल घ्यायची. मी दारोदार फिरणार आहे."

"आता कशासाठी?"

"तुमच्या बेसबॉलसाठी."

डॉमनं रेडिओ बारीक केला.

"आज सकाळी खालून गाणी ऐकू आली नाहीत."

"ती येणार नाहीत आता. केबल आली तरी."

खेळात काहीतरी घडलं असावं, कारण रेडिओतली गर्दी एकदम ओरडली. डॉमनं तिकडे लक्ष दिलं नाही. भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"चला. पण बोलणार मी," तो म्हणाला. "गेल्या वेळी तुम्ही फारच चांगलं बोलला होतात."