आवळून सरळ न होणारे पुठ्ठे

तिला वाटलं होतं, दार उघडताच खळीचा ओळखीचा वास येईल, पाच-सहा माणसं हातातलं काम थांबवून हसतील आणि कुणीतरी म्हणेल, "आलीस का गं!" दार उघडलं तेव्हा ओलीचा वास आला. माणूस एकच, खिडकीशी बसून सुईत दोरा ओवणारी मावशी. आणि समोर मी. माझ्या चाकावर कुणीतरी छत्री अडकवून ठेवली होती.

मी या पुस्तकबांधणीच्या दुकानातला शिकंजा. खाली एक जाड लोखंडी पाट, वर दुसरा, आणि वरच्याला खाली ढकलणारा स्क्रू. खळ लावलेली पुस्तकं माझ्या पोटात ठेवायची, चाक आवळायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काढायची. एवढंच माझं आयुष्य. तिच्या आजोबांनी मला एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलं. चार माणसांनी घाम गाळून मला या कोपऱ्यात ठेवलं, तेव्हापासून मी इथून हललो नाही. तिचे बाबा, म्हणजे आमचे मालक, लहानपणी मला धरून उभे राहायला शिकले. ती स्वतः माझ्या चाकाला लोंबकळायची आणि ओरडा खायची. मग ती शिकायला लांब गेली.

ती गेली आणि दुकानाची रया गेली. तयार वह्या बाजारात स्वस्त मिळू लागल्या. मालकांचे हात थरथरू लागले, तसे ते घरीच बसले. कामगार एकेक करून पांगले, उरली ती शिवणकाम करणारी मावशी. शेजारचा मोबाइलवाला रोज डोकावू लागला, "मावशी, जागेचं काय ठरलं मालकांचं?" मालक जवळजवळ हो म्हणालेच होते. तेवढ्यात ही आली.

"बाबा, तीन महिने द्या मला," दुकानात आलेल्या मालकांना ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग मी स्वतः त्याला किल्ली नेऊन देईन."

जाता जाता मालकांनी माझ्यावरची छत्री तेवढी काढून नेली.

खरं सांगतो, पहिल्या महिन्यात मला तिचा राग राग यायचा. काम नाही, आणि ही दिवसभर आनंदात! भिंतीवर तिने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, 'आपण उभे राहणारच!' कागद पुन्हा पुन्हा सुटायचा, कारण भिंत ओली होती. भिंत का ओली आहे ते बघायचं सोडून ती जास्त खळ लावायची. रोज सकाळी ती मावशीला समोर बसवून विचारायची, "आजची चांगली बातमी काय?"

"नळाला पाणी आलं," मावशी म्हणायची.

"वा! अजून?"

"अजून काय? गेलं नाही अजून."

ही टाळ्या वाजवायची. मावशी माझ्याकडे बघायची. मी तरी काय करणार? मला तोंड नाही. आणि पोट आहे, ते रिकामं.

पण पोरगी चिवट होती, हेही खरं. रोज दुपारी पिशवीत नमुने भरून बाहेर पडायची आणि चेहरा पाडून यायची. दार ओलांडताना तो चेहरा पुसून पुन्हा हसरा करायची. दुसरा महिना संपत आला तेव्हा ती धावतच आत आली. एका संगीतशाळेला तीनशे वह्या हव्या होत्या. सुरावटी लिहिण्याच्या. अट एकच, गाताना समोरच्या लाकडी घोडीवर वही सपाट उघडी राहिली पाहिजे. काम पसंत पडलं तर दरवर्षी तेच काम. बिघडलं तर दुसरं काम शोधायला तीन महिन्यांतले फार दिवस उरले नव्हते.

मावशीने शिवणकाम घेतलं. काय तिचा हात! एकसारखी शिवण, पान न पान मोकळं उघडणारं. पुठ्ठे कापायला ही बसली. कागदावर आकडेमोड करून उठली ती उड्या मारतच.

"मावशी, आडवे कापले तर एका तावातून सहाऐवजी आठ निघतात!"

मावशीची सुई थांबली. "असे कापत नाहीत गं."

"का पण?"

"आता का ते मला काय माहीत? मालक असे कापत नाहीत."

"मावशी, 'असं करत नाहीत' याला कारण म्हणत नाहीत." तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "याच सवयींनी आपण मागे पडलो. विश्वास ठेवा ना माझ्यावर."

मावशीने खांदे उडवले आणि सुई पुन्हा चालू केली.

मला कारण माहीत होतं! इतकी वर्षं पुठ्ठे पोटात घेतलेत मी. लाकडासारखे पुठ्ठ्यालाही तंतू असतात. ते पुस्तकाच्या कण्याच्या दिशेने उभे हवेत. आडवे राहिले, तर खळ वाळताना पुठ्ठा ओढला जातो आणि वाकतो. पहिली थप्पी माझ्या पोटात आली तेव्हा मी जीव तोडून ओरडलो. म्हणजे माझा स्क्रू कुरकुरला. तिने कौतुकाने त्यात तेल घातलं.

माझ्यातून वह्या सपाट निघत, आणि ती त्यांची एकावर एक चळत रचून वर दगड ठेवी. दाबाखाली सगळंच सरळ दिसतं. सव्वाशे वह्या अशा तयार झाल्या. मग एका दुपारी नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायला तिने त्या टेबलावर सुट्या मांडल्या. तासाभरात पहिल्या वहीने कोपरा उचलला. मग दुसरीने. संध्याकाळ होईतो सगळी कव्हरं उन्हात पडलेल्या पानांसारखी वळली होती.

"हवा दमट आहे, म्हणून," ती म्हणाली. "अजून थोडं आवळू या."

तिने वह्या पुन्हा माझ्यात कोंबल्या आणि चाकाला लटकली. अगदी लहानपणी लटकायची तशी. माझे आटे कळवळले. अगं पोरी, मी दाबू शकतो, आडवे तंतू उभे नाही करू शकत!

मावशी उठली, चपला घातल्या आणि मालकांना घेऊन आली. मालकांनी एक वही उचलली. एक कोरा पुठ्ठा घेऊन त्यांनी तो एका बाजूने वाकवला. सहज वाकला. दुसऱ्या बाजूने वाकेना.

"कळलं?" ते म्हणाले.

तिला कळलं. पण आधी संताप आला. "हे मला कधी सांगितलंत तुम्ही?"

"तू कधी विचारलंस?"

"मी मावशींना विचारलं! त्यांना तरी कुठे सांगितलंत? वीस वर्षं शिवतात त्या इथे!"

"तिला काय करायचंय? कापायचं काम माझं." मालकांचाही आवाज चढला. "आणि तू एवढी शिकून आलीस ना?"

"पुठ्ठा नव्हता हो बाबा तिथे अभ्यासाला!"

मावशीला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. ती दोघं मात्र हसली नाहीत. मालक दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "मोबाइलवाला उद्या येईल. काय सांगू?"

भिंतीवरचा कागद पुन्हा अर्धा सुटला होता. या वेळी तिने तो चिकटवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. माझं चाक उलटं फिरवून वह्या बाहेर काढल्या. एकीचं कव्हर सुरीच्या पात्याने अलगद सोडवलं आणि आतली शिवलेली पानं उघडून बघितली. सपाट. धागा न धागा शाबूत. तशीच ती खाली बसून राहिली. डोळे पुसले आणि फोन लावला.

"संगीतशाळा? सव्वाशे वह्यांची कव्हरं बिघडलीत. चूक माझी आहे. हवेची नाही, माझी. शिवण उत्तम आहे, कव्हरं नव्याने चढवावी लागतील. पंधरा दिवस जास्त लागतील. चालेल का?"

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "विचारून सांगतो."

तिने लगेच दुसरा फोन लावला. "बाबा, किल्ली द्यायची नाही. माझे तीन महिने अजून संपलेले नाहीत. आणि तुम्ही आजपासून इथे येऊन बसायचं. हात थरथरू देत, तोंड चालतंय ना? 'असं करत नाहीत' म्हणालात की 'का' तेही सांगायचं. मला आणि मावशींना, दोघींना."

मावशी आली तेव्हा तिने सवयीने सांगितलं, "आज पाणी आलं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बसा. कव्हरं सोडवायची आहेत."

संगीतशाळेचा फोन अजून आलेला नाही. मालक माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसलेत, मोबाइलवाला दोनदा डोकावून गेलाय, आणि त्या दोघी सव्वाशे कव्हरं एकेक करून सोडवताहेत. मी पोट उघडं टाकून उभा आहे. माझी एकच विनवणी आहे, आता माझ्यात काही घालाल ते आधी दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. मग आवळा हवं तेवढं. मी कुरकुरणार नाही.