फोटोत दोष नाही

बाळाबाईंनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला लॅपटॉप सोडवला आणि अध्यक्षांच्या समोरच्या टेबलावर ठेवला. झाकणावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

दुकानाचे वकील तत्काळ उभे राहिले.

"सर, याची नोंद व्हावी. यंत्रावर कुंकू आहे. अशा वस्तू आत जाऊन झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही."

"कुंकू झाकणाला हाय, आत न्हाई," बाळाबाई म्हणाल्या. "अन् ते म्या लावलंच न्हाई. ह्यांच्या मालकांनी दुकानात लावलं. पाडव्याचा दिवस व्हता. पेढा बी दिला."

अध्यक्षांनी चष्म्यावरून वकिलांकडे पाहिलं. वकील हातातला कागद उलटत खाली बसले.

पुण्याच्या ग्राहक मंचात दोन हजार आठ साली लॅपटॉपची तक्रार ही काही नवलाई नव्हती. पण तक्रार घेऊन आलेली बाई वेल्ह्याच्या वाटेवरच्या विंझरची होती, साठीला टेकलेली होती, आणि वकील न देता स्वतःच उभी होती. बाळाबाई लग्नं जमवत. मुलामुलींचे फोटो कापडी पिशवीत घालून त्यांनी अर्धं आयुष्य गावोगाव काढलं होतं. फोटोंना चहाचे डाग पडत, पोरं ते चघळत, एका घरी राहिलेला फोटो दुसऱ्या घरी शोधावा लागे. शेवटी हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी लॅपटॉप घेतला. दुकानातल्या माणसाने त्यांना झाकण कसं उघडायचं, फोटो कसे लावायचे आणि पुढचा फोटो आणायला कुठलं बटण दाबायचं, एवढं शिकवलं. तेवढं त्यांना पुरेसं होतं.

अडचण एकच होती. फोटो दाखवता दाखवता यंत्र गरम व्हायचं आणि ठप्प होऊन अडायचं. मग कुठलंही बटण दाबा, पडद्यावरचा फोटो हलत नसे. मुली संपून मुलं सुरू झाली, की थोड्याच वेळात हे घडे, आणि बहुतेक वेळा त्या जागी ज्ञानूचा फोटो असे.

ज्ञानू राजगडाच्या पायथ्याचा, पालीचा. गडावर येणाऱ्या पोरांना वाट दाखवायचा, त्यांना पिठलंभाकरी करून घालायचा. चाळिशीला आला तरी लग्न नव्हतं. त्याचं लग्न जमवायचे बाळाबाई पैसे घेणार नव्हत्या. त्याबदल्यात तो त्यांना आपल्या जुन्या एम-एटी गाडीवर मागे बसवून गावोगाव फिरवी. त्याचा फोटो फिरोज फोटोवाल्याच्या स्टुडिओत काढलेला. जन्मभर राजगड उशाला असलेल्या माणसाच्या मागे फिरोजने बर्फाच्या डोंगरांचा पडदा सोडला होता. अंगात दुसऱ्याचा कोट होता, आणि दिवा चमकला तेव्हा एक डोळा मिटला होता.

तो डोळा आता घरोघर अडून बसे. चहा येई, पोहे येत, ज्ञानू पडद्यावरून हलत नसे. माणसं दुसरं काय करणार, त्यालाच न्याहाळत. "ह्येचा डोळा बारीक हाय का वो?" "वय लई दिसतंय." "असली माणसं कशाला दावता, बाई?" खुद्द ज्ञानू त्या वेळी पडवीत बशीतला चहा पीत बसलेला असे. त्याला सगळं ऐकू येई. लॅपटॉप आपल्यापाशीच अडतो, तेव्हा आपल्यातच काहीतरी खोट असणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. ते तो कुणाला बोलला नव्हता.

आज तो साक्षीदार म्हणून मागच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा सदरा, गुडघ्यावर दोन्ही हात.

"दुरुस्ती, वस्तू बदलून मिळणे आणि मानसिक त्रासाची भरपाई," अध्यक्षांनी तक्रार वाचली. "मानसिक त्रास कुणाला झाला?"

"मला," बाळाबाई म्हणाल्या.

मागून ज्ञानू हळूच उठला.

"साहेब, मला बी झाला."

"तुम्ही लॅपटॉप वापरता?"

"न्हाई. त्यो मला वापरतो."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान खाली घातली. खांदे तेवढे हलले. मंचाच्या सदस्याबाई मात्र हसल्या नाहीत.

"दाखवा बरं, काय होतं ते," त्या म्हणाल्या.

बाळाबाईंनी झाकण उघडलं. फोटो सुरू झाले. अर्धी खोली टेबलापाशी जमा झाली, कारण पुढच्या तक्रारीचे लोकही तिष्ठत बसून कंटाळले होते. यंत्र त्या दिवशी असं सुरळीत चाललं, की बाळाबाईंच्या कपाळावर घाम आला. एका बटणाला एक मुलगी, झरझर.

"ही काय करते?" सदस्याबाईंनी मध्येच विचारलं.

"बालवाडीवर हाय. पर हिचं जमलं."

"आणि ही?"

"मॅडम," वकील म्हणाले, "यंत्र व्यवस्थित चालू आहे, हे आपण पाहतच आहोत."

मुली संपल्या. मुलं सुरू झाली. एक, दोन, तीन, आणि पडद्यावर बर्फाचे डोंगर आले. बाळाबाईंनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दोन बोटांनी दाबलं.

"आडला!" त्यांचा आवाज इतका आनंदाचा होता, की दारातला शिपाई आत डोकावला. "बगा साहेब, आडला! द्येवासारखा आडला!"

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"त्यो काय, मागं बसलाय."

सगळ्या माना वळल्या. मग पडद्याकडे, मग पुन्हा मागे. ज्ञानूने कुठे पाहावं ते न कळून छताच्या पंख्याकडे पाहिलं.

वकिलांना मुद्दा सापडला होता. "सर, बाकी सगळे फोटो सुरळीत गेले. अडलं ते फक्त या गृहस्थांपाशी. तक्रारीतही तेच लिहिलं आहे. म्हणजे दोष यंत्रात नाही. दोष या फोटोत आहे."

ज्ञानूच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलेलंच होतं. तरी त्याने ते पुन्हा लावलं.

बाळाबाईंनी पुन्हा एकदा बटण दाबून पाहिलं. खरं म्हणजे पुष्कळदा त्यांच्याही मनात हेच येऊन गेलं होतं.

सदस्याबाईंनी पेन खाली ठेवलं. "बंद करून पुन्हा चालू करा. आणि या वेळी ह्यांच्यापासूनच सुरुवात करा."

यंत्र सुरू व्हायला बराच वेळ लागला. कुणी जागचं हललं नाही. बाळाबाईंनी ज्ञानूचा फोटो लावला, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

ज्ञानू गेला. त्याच्या जागी नसरापूरचा एक मास्तर आला, मग कुणी एसटीतला, मग कुणी पोल्ट्रीवाला. चांगला दहाबारा जणांचा पल्ला झाला, आणि हिंजवडीत नोकरी करणारा, गॉगल लावलेला, बाळाबाईंच्या पिशवीतला सगळ्यात भारी इंजिनिअर पडद्यावर येऊन जो थांबला, तो थांबलाच.

"आता ह्याच्यात बी दोष हाय का?" बाळाबाईंनी वकिलांना विचारलं.

अध्यक्ष कारकुनाला सांगू लागले, "लिहा. मंचासमोर पडताळणी केली असता, यंत्र थोड्या वेळाने बंद पडते असे दिसून आले. फोटोत दोष नाही."

परतीच्या एसटीत खिडकीची जागा बाळाबाईंची होती. कात्रजचा घाट उतरल्यावर ज्ञानू त्यांच्याकडे वळला.

"मावशी, साहेबांनी लिवून घेतलं न्हवं?"

"काय?"

"फोटोत दोष न्हाई म्हून."

"व्हय की."

खेड शिवापूर गेलं.

"त्यो कागुद आपल्याला मिळंल का?"

बाळाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं ह्याच्या मागे बसून हिंडलो, पण ह्याचं तोंड आपण फोटोतच जास्त पाहिलं, असं त्यांना वाटून गेलं. "मिळंल," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतल्या शेंगा त्याच्या ओंजळीत ओतल्या.

निकाल बाळाबाईंच्या बाजूने लागला. दुकानाने नवा लॅपटॉप दिला, सगळे फोटो त्यात भरून दिले, आणि वर काहीही न मागता एक सोय करून दिली. आता बटण दाबायला नको. फोटो आपोआप पुढे सरकत, आणि मागे सनई वाजे.

तो पहिल्यांदा उघडला कामथडीला, आनंदरावांच्या घरी. त्यांची धाकटी, स्नेहल, बी.कॉम. झाली होती, तिच्यासाठी बघायचं होतं. थोरली रतन कोपऱ्यात शिलाई मशीनवर होती. आई गेल्यावर घर तिनेच ओढलं, आणि ते ओढता ओढता तिच्या लग्नाची गोष्ट काढायचं सगळेच विसरले. तिचं आता पस्तिसावं सरत होतं.

ज्ञानू पडवीत बसला नाही. गाडी पुसायची आहे म्हणून बाहेर लिंबाखाली थांबला.

सनई सुरू झाली. मुली सरल्या, मुलं सुरू झाली, एक गेला, दुसरा गेला. स्नेहल एकेकाला नाक मुरडत होती. बर्फाचे डोंगर आले तसं सवयीने बाळाबाईंनी म्हणायला घेतलं, "यंत्र आडलंय, तवर च्या घ्या—" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ज्ञानू निघूनही गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. कुणाला वेळच मिळाला नाही. बाळाबाईंना उगीचच चुटपुट लागली.

कोपऱ्यातली मशीन थांबली.

"मावशी, जरा मागं घ्या की."

आनंदरावांनी मान वळवली. रतनचा एक हात अजून चाकावर होता.

"कुणाला गं?" बाळाबाईंनी विचारलं.

"मागं बर्फ व्हतं, त्यो."

"ताई, तो?" स्नेहल फिस्सकन हसली. "डोळा मिटलेला?"

"व्हय. त्योच."

बाळाबाईंनी एक बटण दाबलं. सनई मोठी झाली. दुसरं दाबलं, पडदा पिवळा झाला. तिसरं दाबल्यावर सगळं पूर्ववत झालं, पण फोटो पुढेच धावत राहिले. आजवर त्यांच्याकडे मागचा फोटो कधी कुणी मागितलाच नव्हता.

"मागं कसं घ्यायचं ते म्या शिकलेच न्हाई, बाई."

रतन उठली. मांडीवरचे दोरे तिने झटकले आणि लॅपटॉपच्या पुढ्यात येऊन बसली.

"ऱ्हाऊ द्या. फिरून येतुय न्हवं?"

"येतुय. पर आदी समदी व्हायला लागत्यात. पोरी, पोरं, समदी."

"येऊ द्या. थांबते म्या."

आनंदराव घसा खाकरले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली, आणि स्नेहलला म्हणाले, "अजून च्या टाक."

उघड्या दारातून लिंबाखालचा ज्ञानू दिसत होता. गाडी केव्हाच लख्ख झाली होती. तो आता आरसा पुसत होता. तोच हा, असं सांगायला बाळाबाईंनी तोंड उघडलं. पण रतनची नजर पडद्यावरून हलत नव्हती. बाळाबाईंनी तोंड मिटलं, लॅपटॉप थोडा तिच्या बाजूला वळवला, आणि त्याही वाट बघत बसल्या.