वाळ्याचं पाणी

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर, आणि समुद्र पाहिलेला माणूस इथे दिवा घेऊन शोधावा लागतो. यावरचे सगळे विनोद मी शिक्षिकेच्या नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. कोणाकडे नवा असेल तर जरूर सांगावा, जुना असेल तर गप्प बसावं.

माझी विद्यार्थिनी मोनाली समुद्रातल्या जीवांचं शिकायला रत्नागिरीला गेली, तेव्हा गावाला महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. शिकून ती परत आली तेव्हा आणखी महिनाभराचं. मग वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला एका संस्थेनं विज्ञान केंद्र काढलं, त्यात समुद्राची एक खोली केली आणि तिथे मोनालीला नेमलं. जिल्हाभरातल्या शाळांच्या सहली तिच्याकडे येतात, पोरं समुद्रातले जीव हातानं चाचपून पाहतात. हसणारेच आता विचारतात, आमच्या नातवाले कवा पाठवू. माझा तोरा तेव्हा चेहऱ्यावर दिसत असावा.

एकच माणूस तिथे गेला नव्हता. तिचा बाप, प्रेमदास.

प्रेमदासभाऊ तीन एकराचा शेतकरी. उन्हं तापायला लागली की हा माणूस शेत बायकोवर सोपवून बसस्टँडजवळ पाणपोई लावतो. दोन रांजण, त्यांना ओलं पोतं गुंडाळलेलं, पाण्यात वाळ्याची जुडी. त्याचं पाणी डोळे मिटूनही ओळखता येतं, असा त्याचा वास. त्याचा एकच नियम आहे: पाणी पाजताना कोणाला काही विचारायचं नाही. त्याच्या आजोबांना गावात आधी जात विचारत आणि मग हातभर उंचावरून ओंजळीत पाणी ओतत. म्हणून प्रेमदासच्या पाणपोईवर पेला हातात मिळतो. कोण, कुठला, कोणाचा, हे तो विचारत नाही. तहान लागली आहे का, हेही विचारत नाही. वैशाखात हा प्रश्न असतो का, असं त्याचं म्हणणं.

मोनाली दरवर्षी त्याला बोलवायची आणि तो दरवर्षी म्हणायचा, मी आलो तर लोकांना पाणी कोण पाजणार. खरं कारण त्यानं मला एकदा सांगितलं होतं. पोरगी शिकली, नाव काढलं, सगळं झालं, पण शिकली ती खाऱ्या पाण्याचं. पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, असल्या पाण्याचा आपल्याकडे काय उपयोग? लेकीला तो हे कधी बोलला नाही. पण बापानं न बोललेलं लेकीला आधी ऐकू येतं. तिला बापाकडून दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा, फक्त एकदा, तिचा तास बसून बघावा, एवढंच तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

यंदा आमच्या शाळेची सहल ठरली तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं की बाबांना कसंही करून गाडीत घाला. मी प्रेमदासभाऊंना सांगितलं, पोरांसोबत मोठं माणूस लागतं, तुम्ही शाळा समितीवर आहात, तुम्हालाच यावं लागेल. धुरपताबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, रांजणांचा ताबा घेतला आणि नवऱ्याला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. पण रिकाम्या हातानं येईल तर तो प्रेमदास कसला. वाळ्याच्या पाण्याची मोठी कॅन मांडीशी धरून बसला आणि वर्धा येईपर्यंत पोरांना पाजत राहिला.

मोनाली फाटकात उभी होती. बाप गाडीतून उतरताना दिसला तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मी उगाच पोरांच्या रांगेवर ओरडले. नाहीतर माझेच डोळे भरले असते.

समुद्राची खोली फार मोठी नाही. भिंतीला काचेची टाकी, आणि मधोमध गुडघाभर उंचीचा पसरट हौद. तास असला की टाकीतले काही जीव या हौदात आणून ठेवतात. शंखात राहणारे चार-पाच खेकडे आणि दोन तारामासे, पाच हातांचे, विटकरी रंगाचे. तारामाशाच्या पोटाखाली शेकडो बारीक नळ्यांसारखे पाय असतात, त्यांनी तो खडकाला घट्ट धरून बसतो. हे सगळं मोनालीनं बापाला स्वतः दाखवलं, हौदाशेजारी त्याच्यासाठी स्टूल ठेवलं, आणि ती आतल्या खोलीत पोरांसाठी हात धुण्याचं पाणी तयार करायला गेली. मी पोरांना बाहेर डबे खायला बसवलं होतं.

तेवढ्या वेळात जे घडलं ते प्रेमदासभाऊंनी मला नंतर सांगितलं. दोन खेकडे पाण्यातून वर चढून दगडावर येऊन बसले. बाहेर उन्हाचा नुसता जाळ. यानं हौदात बोट बुडवून चाखलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. बिचारे मुके जीव, एवढ्या उन्हात खारं पाणी पिऊन राहिलेत, म्हणून तर बाहेर पळताहेत, असं त्याला वाटलं. आयुष्यभर ज्यानं तहानलेल्याला काही विचारलं नाही, तो खेकड्याला काय विचारणार? कॅनमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. ते सगळं त्यानं हौदात ओतलं, समाधानानं झाकण लावलं आणि स्टुलावर बसला.

पोरं आत आली, हौदाभोवती गोल करून बसली. मोनालीनं नियम सांगितले: आधी हात ओले करायचे, दोनच बोटांनी हात लावायचा, कोणाला पाण्याबाहेर काढायचं नाही. बोलता बोलता तिनं पाण्यात हात घातला आणि थांबली. पाणी गार होतं. तारामाशांचे हात कडेनं वळले होते, आणि एकानं खडक सोडून दिला होता. तिनं ओला हात नाकाशी नेला.

मलाही वास आला. जे सकाळी गाडीत ते पाणी प्यायले होते, त्या सगळ्यांना आला असणार. पण माझी जीभ डोक्याच्या आधी धावते. हौदात काही उपद्व्याप झाला म्हणजे तो पियुषनंच केला, असं धरून मी त्याला उभं केलं आणि फैलावर घेतलं. पियुष नेहमीचा गुन्हेगार. पोरांनीही लगेच त्याच्याकडे बोटं दाखवली. तो बिचारा नुसता मान हलवत होता.

मोनाली बापाकडे बघत नव्हती. आपण बघितलं तर सगळे बघतील, हे तिला कळत होतं. आणि न बघता पियुषवर आळ राहू देणंही तिला जमत नव्हतं. तिची ती घालमेल मला आजही दिसते.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. प्रेमदासभाऊ उभे राहिले.

"पोराले काऊन बोलता, बाई? पाणी म्या टाकलं. त्याईले तहान लागली असन असं वाटलं मले."

पोरं हसली. पोरंच ती, माशांना पाणी पाजलं म्हटल्यावर हसणारच. पण हसणाऱ्यांत त्याच्याच गल्लीतली पोरं होती, आणि गोष्ट संध्याकाळी घरोघर जाणार होती. आधी हा माणूस लेकीच्या खोलीत यायला तयार नव्हता, आता पुन्हा कशाला पाऊल ठेवतो, हे मला कळून चुकलं. त्यानं कॅन उचलली आणि तो दाराकडे वळला.

"बाबा, तुमी कुठी चालले? तास तं आता सुरू होऊन राह्यला."

मोनालीचा आवाज चढला नव्हता. तिनं भरभर टाकीतल्या खाऱ्या पाण्याची बादली भरून आणली, हौदापाशी ठेवली आणि पोरांना समजावलं. तिनं सांगितलं की माणसाला तहान लागते, कारण त्याच्या अंगातलं पाणी घामानं जातं. तारामाशाचं तसं नाही. जेवढा खारटपणा समुद्रात, तेवढाच त्याच्या अंगात. बाहेर गोडं पाणी आलं की ते त्याच्या अंगात शिरतं आणि तो फुगतो, गळतो. खेकडे दगडावर चढतात ते तहानेनं नाही, ती त्यांची सवयच आहे. हे बाबांना माहीत नव्हतं, आणि तासाआधी तुमच्यातही कोणाला माहीत नव्हतं. मग तिनं विचारलं, आता बादली एकदम ओतू का? पोरं म्हणाली, ओता. ती म्हणाली, एकदम ओतलं तर तोही धक्काच. खारं पाणी थोडं थोडं करून द्यावं लागेल, पेल्यापेल्यानं, मध्ये थांबून.

मग तिनं पेला बापापुढे धरला.

"माह्याच्यानं एवढं सबुरीनं होत नाई, बाबा. लोकाईले पाणी पाजाले तुमीच पाह्यजे."

प्रेमदासभाऊंनी कॅन खाली ठेवली. हात ओले केले, नियमाप्रमाणे. आणि उकिडवं बसून त्यांनी हौदाच्या कडेनं एक पेला सोडला, इतका हळू की पाण्यावर लाट उठली नाही. मोनाली मध्येमध्ये यंत्रानं खारटपणा मोजायची आणि मान हलवायची. पोरं आता हसत नव्हती. पियुष सगळ्यांत पुढे बसला होता. मी त्याची माफी मागितली, तर त्याचं लक्षच नव्हतं.

बऱ्याच वेळानं एका तारामाशाचा वळलेला हात सरळ झाला. मग दुसरा. मोनालीनं बापाचं बोट धरून तारामाशाच्या पोटाखाली नेलं आणि तसंच राहायला सांगितलं. त्या बारीक पायांनी एकेक करून बोट पकडलं. बाप लेकीकडे बघायला लागला आणि बोट काही केल्या हलवेना.

"धरलं वं यानं मले," एवढंच तो म्हणाला.

दुसरा तारामासा मात्र सैलच राहिला. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवलं होतं. सकाळी तो मेला. मोनालीनं बापाला फोन करून स्वतः सांगितलं. मी तिला म्हटलं, कशाला सांगितलंस, म्हाताऱ्याचा जीव तुटेल. ती म्हणाली, बाबांनी सगळ्या पोरांपुढे खरं सांगितलं, मग मी त्यांच्याशी खोटं बोलू का?

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारच्या गाडीनं हिंगणघाटहून आले. उन्हानं जीव कासावीस झालेला. पाणपोईवर पाहते तर रांजणांपाशी धुरपताबाई. मी विचारलं, भाऊ बरे आहेत ना? मला वाटलं, मनाला लावून घेऊन घरात बसला असेल. त्या म्हणाल्या, त्यांना काय धाड भरली, सकाळीच बोरगावला गेलेत. उरलेला तारामासा कसा आहे ते बघायला जातात, तास असला की मागे बसून ऐकतात. जाताना कॅन रिकामी नेतात. रिकामी कशाला, ते धुरपताबाईंनाही ठाऊक नव्हतं.

एवढ्यात वर्ध्याची गाडी लागली आणि प्रेमदासभाऊ उतरले. कॅनच्या तळाशी थोडंसं पाणी हिंदकळत होतं. मी पेल्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी आधी कॅन वाकडी करून माझ्या तळहातावर थेंबभर पाणी सोडलं.

"पह्यले हे चाखा, बाई."

मी जीभ लावली. खारट जहर. माझं तोंड बघून पाणपोईवरची दोन-तीन माणसं पुढे सरकली, काय आहे, काय आहे म्हणत. भाऊंनी एकेकाच्या तळहातावर एकेक थेंब दिला, कोणालाही काही न विचारता. मग माझ्या हातात वाळ्याच्या पाण्याचा पेला ठेवला आणि त्या माणसांना सांगितलं, "समुद्र असा लागते. माह्या पोरीचा हाये."