उलटी प्रदक्षिणा

मोहनराव नागपूरहून कॅनडातल्या विंडसरला मुलाकडे, उन्मेषकडे आले, तेव्हा नातीच्या, ऊर्मीच्या मोसमाची एकच शर्यत उरली होती.

शंभर वर्षांपूर्वी पलीकडे अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या लंबगोल ट्रॅकवर मोटारी पळायच्या, आणि मोसमभराचे गुण मिळवून विजेता ठरायचा. त्याच धर्तीवर इथल्या हौशी मंडळींनी मुलांसाठी पायडलच्या गाड्यांचा मोसम मांडला होता. ऊर्मीचे आणि तिच्या वर्गातल्या तनयचे गुण अगदी बरोबरीत होते. आता दोघांत जो पुढे येईल, त्याचा कप. ऊर्मीला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना कप, अंघोळीला जाताना कप.

मोहनरावांचा जन्म मुलांना भूमिती शिकवण्यात गेला होता. त्यांनी कॉफीचा रिकामा कागदी कप टेबलावर आडवा करून घरंगळवला. तो सरळ न जाता गोल वळला.

"का वळला असेल?"

ऊर्मीने तो पुन्हा पुन्हा घरंगळवून पाहिला. "वन साइड इज बिगर."

मोहनराव खूश झाले. मोठ्या बाजूला बाहेरचा लांब रस्ता कापायचा असतो, हे त्यांनी तिला बोट फिरवून दाखवलं. मग गाडीच्या मागच्या दोन चाकांपैकी डावं काढून तिथे किंचित मोठं चाक बसवलं.

नवं चाक म्हटल्यावर पूजा आलीच. चाकांना हळदकुंकू लागलं. घरापुढच्या बंद रस्त्याच्या मधोमध नारळ ठेवून आजोबा म्हणाले, मार याच्याभोवती फेरी. देवळात घालतात तशी, नारळ उजव्या हाताला ठेवून, ऊर्मीने फेरी मारली. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. आजोबांना वाटलं, चाचणी झाली. ऊर्मीला वाटलं, पूजा झाली. गाडी गराजमध्ये गेली.

शर्यतीच्या दिवशी सरावाची फेरी सुरू झाली. सगळ्या गाड्या झोकात वळल्या आणि ऊर्मीची तेवढी बाहेरच्या गवताच्या गठ्ठ्यांत जाऊन रुतली. ती गाडी ढकलत परत आली.

मोहनरावांनी ट्रॅककडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, हे सगळे उलटी प्रदक्षिणा घालतायत."

"एव्हरीबडी टर्न्स लेफ्ट, आजोबा. ऑलवेज."

"मग परवा नारळाभोवती उजवीकडे कशी वळलीस?"

"दॅट वॉज पूजा!"

मागची चाकं डावी-उजवी बदलली की काम भागणार होतं. पण पाना राहिला होता घरी, आणि उन्मेष होता शिफ्टवर. मोहनराव शेजारी उभ्या असलेल्या तनयच्या आईकडे, स्वप्नालीकडे गेले. तिने हत्यारांची पेटी मुलाकडे सरकवली आणि म्हणाली, गाडी तुझी, पाना तुझा, तूच ठरव.

तनयने पाना हातात घेऊन ऊर्मीकडे पाहिलं.

"घ्या आजोबा," तो म्हणाला. "नाहीतर मी जिंकल्यावर ही वर्षभर सांगत फिरेल, माझी चाकं उलटी होती म्हणून."

एक चाक त्यानेच काढलं, दुसरं मोहनरावांनी. शेवटचा नट आवळला आणि शर्यतीचा बावटा पडला.

तनय आधी पुढे निघाला. ऊर्मी प्रत्येक वळणावर आतल्या कडेला चिकटून थोडी थोडी जवळ येत गेली. शेवटच्या वळणावर तनयची गाडी जरा बाहेर सरकली, तेवढ्या फटीतून ऊर्मी आत घुसली आणि तिने वीतभर पुढे राहून रेषा ओलांडली.

विजेत्याला मानाची एक फेरी मिळायची. कप मांडीवर घेऊन ऊर्मीने गाडी वळवली, थेट उजवीकडे. पंच हात हलवत धावले. तिने आजोबांकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं की ही पूजा आहे. तनयही आपली गाडी वळवून तिच्यामागे निघाला. आता ऊर्मीची गाडी हट्टाने डावीकडे ओढत होती, आणि ती हसत हसत सगळा जोर लावून तिला उजवीकडे नेत होती.