लाल खुणांची पुस्तकं

कपाटाचा खालचा खण मिस्त्रींनी सुटा केला, अंगणात आणून आडवा टाकला आणि त्याच्यावर करवत चालवली. पहिल्याच ओढीला स्वयंपाकघरात भांडं आपटलं. मग त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हे त्याचं कपाट ना?"

"हो."

"आणि तुम्ही कापताय?"

"खालून वाळवी लागायला लागलीय. उद्या पुस्तकंही जातील." मिस्त्रींनी मान वर केली नाही. "पेटी करतोय. फाटकाशी बसवू. ज्याला हवं त्याने न्यावं, वाचावं, परत आणून ठेवावं. नाही आणलं तरी चालेल."

चाळीस वर्षं सुताराच्या घरात काढलेल्या बाईला वाळवी लागलेलं लाकूड दाखवावं लागत नाही. ती खाली वाकली, कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं. लाकूड खणखणीत होतं. ती आत निघून गेली. त्या दिवशी घरात भांड्यांखेरीज कुणी बोललं नाही.

कपाट मिस्त्रींनीच केलेलं, मुलगा चौथीत असताना. पोराच्या हातात रंधा कधी टिकला नाही. फळी धरून ठेव म्हटलं, की तिच्यावर बैठक मारून वाचत बसायचा. पुढे छापखान्यात लागला, मुद्रितं तपासायच्या कामावर. ते काम अंगात इतकं मुरलं की घरी आणलेली छापील पुस्तकंसुद्धा तो लाल पेन्सिल घेऊनच वाचायचा. चुकलेली वेलांटी, गळालेला अनुस्वार, दोनदा पडलेला शब्द, सगळ्याला खूण.

"अरे, छापून झालंय ते," मिस्त्री हसून म्हणायचे. "आता कुणाला सांगणार आहेस?"

"सांगायचं कुणाला नाही, बाबा. पण दिसल्यावर सोडवत नाही."

अडीच वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी तो गेला. एकतीस वर्षांचा होता. मागे त्याची खोली राहिली, तीन भिंतींना लागलेली पुस्तकं राहिली आणि सून राहिली.

सून दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. माहेरच्यांनी दोनदा न्यायला माणूस पाठवला, ती गेली नाही. सासूचं गुडघ्याचं औषध, सासऱ्यांचा चष्मा, सगळं तीच बघायची. मिस्त्रींना कधीकधी वाटायचं, ही पोरगी आपल्याला सांभाळते आहे की आपण तिला अडकवून ठेवलंय? पण असा प्रश्न जेवताना ताटावर कसा काढणार?

पंधरा दिवसांपूर्वी उत्तर आपोआप कानावर आलं. दुपारी ते मागच्या बाजूला नळाची गळती बघत होते. वर खिडकीत सून तिच्या आईशी फोनवर बोलत होती.

"माणूस चांगला आहे, ते मला कळत नाही का, आई? आमच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतात ते. वर्ष झालं, थांबलेत. एका शब्दाने घाई केली नाही." पलीकडून आई काहीतरी म्हणाली असावी. "पण या दोघांचं काय? सासूबाई अजून रोज सकाळी त्याची खोली झाडतात. टेबलावरचा कागदसुद्धा हलवत नाहीत. त्या खोलीसमोरून मी बॅग घेऊन कशी बाहेर पडू, सांग."

मिस्त्री पाना हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. नळ गळतच होता.

खोली आडवी येत असेल तर खोली रिकामी करायला हवी, एवढा साधा हिशेब त्यांनी मनाशी मांडला. पण हे बायकोला कसं सांगायचं? तिचा दिवस त्या खोलीतल्या केरसुणीने सुरू होत होता. म्हणून त्यांनी वाळवीचं नाव पुढे केलं.

पेटीला पाच दिवस लागले. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मिस्त्री कबुतरांसाठी खुराडं करताहेत. त्यांनी उतरतं छप्पर केलं, वर पत्रा मारला, दाराला काच बसवली. सून कामावरून आली की पदर खोचून पॉलिश पेपर घासायला बसायची.

"सगळीच पुस्तकं देणार, बाबा?"

"ठेवून काय करू? मला वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की झोप लागते."

ती हसली. मग घासता घासता तिचा हात थांबला.

"तुला एखादं ठेवायचं असेल तर काढून घे, बाळ."

"नको. एक काढलं तर सगळीच काढावीशी वाटतील."

ती पुन्हा घासू लागली. ती फळी केव्हाच गुळगुळीत झाली होती, पण मिस्त्रींनी तिला थांबवलं नाही.

पेटी बसली. पहिला आठवडाभर लोक नुसतं डोकावून गेले. समोरच्या पोस्टमास्तरांनी गाड्यांचं सहा वर्षांपूर्वीचं वेळापत्रक आणून ठेवलं आणि दानधर्म केल्यासारखा चेहरा करून परत गेले. दुसऱ्या आठवड्यात मात्र पुस्तकं हलायला लागली. शाळेतून येणाऱ्या पोरी थांबायच्या, दूधवाला थांबायचा. पेटी रिकामी दिसली की मिस्त्री खोलीतून आणखी दहा आणून लावायचे. तापात मुलाच्या उशाशी होतं ते पुस्तकही त्यांनी असंच एकदा आणून ठेवलं. उघडून बघितलं नाही. खोलीच्या भिंती हळूहळू मोकळ्या होत गेल्या. बायको अजून रोज झाडायची, पण आता तिला तिथे कमी वेळ लागायचा.

मग एका रविवारी सायकलवरून एक उंच, चष्म्याचा माणूस आला. या गल्लीतला नव्हता. पेटीसमोर बराच वेळ उभा राहिला, एक पुस्तक घेतलं आणि गेला. पुढच्या रविवारी ते ठेवून दुसरं नेलं. तिसऱ्या रविवारीही तेच. जाताना दर वेळी तो घराकडे एकदाच बघायचा आणि लगेच सायकलवर टांग टाकायचा. चौथ्या रविवारी त्याच्या खिशाला दवाखान्याची ओळखपट्टी लटकत होती, बहुधा काढायची विसरला असावा. मिस्त्रींना सुनेचं फोनवरचं बोलणं आठवलं. ते चपला सरकवून फाटकाशी गेले.

"मिळालं का मनासारखं?"

माणूस दचकला. "हे परत ठेवायला आलो होतो." तो जरा घुटमळला. "यात एकशे बाराव्या पानापर्यंत लाल खुणा आहेत. पुढे एकही नाही."

पुस्तक कुठलं ते मिस्त्रींना विचारावं लागलं नाही. कव्हरच्या कोपऱ्यावर औषधाच्या बाटलीचा गोल डाग होता.

"पुढे चुका नसतील," ते म्हणाले.

"आहेत." आवाज अगदी खाली गेला. "बऱ्याच आहेत. वाचताना दिसत होत्या. पण खूण करायला हात धजला नाही. पुस्तक त्यांचं आहे."

"तुम्ही एक्स-रे काढता ना?"

"हो."

"तिने बोलावलं?"

"नाही. येऊ नका म्हणाल्या होत्या. म्हणून आत आलो नाही कधी." त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्या त्यांच्याबद्दल काही बोलत नाहीत. विचारायला मला जमत नाही. ते कसे होते ते निदान इथे वाचायला मिळेल, असं वाटलं."

मिस्त्रींनी हात पुढे केला, पुस्तक घेतलं आणि एकशे बारावं पान काढलं. शेवटची खूण पानाच्या मध्यावर होती. शब्दाखालची रेघ सुरुवातीला सरळ होती, मग खाली घसरत समासात जाऊन विरली होती. त्यांनी त्या रेघेवर अंगठा ठेवला. रस्त्याने कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. आजूबाजूला रविवार चालूच होता.

मग त्यांनी पुस्तक मिटून परत त्याच्या हातात दिलं आणि कानावरची पेन्सिल काढून पुस्तकावर ठेवली.

"सुताराची आहे. जाड उमटते. चालेल का बघा."

"ही लाल नाही," माणूस म्हणाला.

"लाल कशी असेल? लाल त्याची होती."

तेवढ्यात मागून हाक आली.

"चार रविवार झाले, खिडकीतून बघतेय मी. आज तरी आत आणणार आहात त्यांना, की फाटकातच तपासणी करणार?"

मिस्त्री वळले. बायको पायरीवर उभी होती. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कोण सांगतंय? जाताना घराकडे कसे बघतात, ते दिसतं मला." ती म्हणाली. "या घरात सगळे मला जपतच असतात." तिने पाहुण्याकडे बघितलं. "या. ऊन लागतंय तिथे."

माणूस फाटकाच्या आत आला, पायरीशी थबकला, आणि मिस्त्रींच्या बायकोने वाट सोडल्यावर आत गेला. नुकतीच न्हाऊन आलेली सून केसांना पंचा गुंडाळून बाहेरच्या खोलीत येत होती. तिने त्याला बघितलं आणि जागीच उभी राहिली. मग सासूकडे बघितलं. सासू खुर्च्यांवरचे कपडे गोळा करत होती.

"अशी उभी काय राहिलीस? इथे तीनच खुर्च्या आहेत. त्याच्या खोलीतली आण."

सून हलली नाही.

"आण, पोरी," सासू म्हणाली. "मी पुसून ठेवलीय."

सून आत गेली. मग रिकाम्या खोलीत खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

मिस्त्री उंबऱ्याबाहेर चपला काढत होते. पायात दोनच चपला होत्या, पण त्यांना त्या काढायला फार वेळ लागला.