गुरुवारच्या गाण्याने शिवलेले खिसे

मी कोपऱ्यावरच्या शिंपीदुकानातला रेडिओ बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर समजून घ्या. पन्नाशी कधीच उलटली आहे, आणि छातीत कापडाचा भुगा बसलाय.

बहात्तर साली एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी अंग, पुढे सोनेरी जाळी, दोन गोल बटणं. तेव्हा परदेशी गिटार-ड्रमची गाणी नवीकोरी होती. म्हणजे ती आणि मी एकाच वयाचे. फरक एवढाच, की ती अजून तरुण आहेत आणि मला बोलतं करायला पाठीत एक थाप द्यावी लागते.

पहिल्या घरी मी दिवाणखान्यात मानाने होतो. मग टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे एका उंदरिणीने माझ्या पोटात संसार थाटला. पुढे त्या घरच्या बाई पडदे शिवून घ्यायला निघाल्या, तेव्हा मलाही घेऊन आल्या आणि "राहू दे तुमच्याकडे" म्हणून इथे सोडून गेल्या.

दुकानात माणसं तीन. मास्तर कापड कापतात. लंबू पायमशीन चालवतो; गुडघे फळीला लागतात म्हणून जन्मभर तिरका बसलाय. आणि मास्तरांची थोरली बहीण, ताई. ती काज-बटणं करते आणि तयार कपडा शेवटचा नजरेखालून घालते. "ताईच्या नजरेतून टाका सुटत नाही," हे मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

दर गुरुवारी तीन वाजता माझ्यावर एक कार्यक्रम लागतो. सत्तरीच्या सुरुवातीची पॉप आणि रॉक गाणी, आणि मधे श्रोत्यांची पत्रं नि फोन. कुणाला गाण्यावरून जुनी सायकल आठवते, कुणी कळवतं, "गायकाला आधी गुळण्या करायला सांगा." आमच्या तिघांना त्या गाण्यांतला एक शब्द कळत नाही. त्यामुळे अर्थ लावायला पूर्ण मोकळीक.

"हा बायकोची माफी मागतोय," ताई सांगते.

"इतकं ओरडून?" लंबू विचारतो.

"ती माहेरी गेलीय. लांब आहे."

"आणि मागे भांडी कोण आपटतंय?" मास्तर मान वर न करता म्हणतात.

"सासू!"

एक खोड मात्र वाईट. लंबूचा पाय गाण्याबरोबर चालतो. हळू गाणं असलं की एका बाहीला सगळं गाणं लागतं, आणि जोराचं असलं की अख्खी विजार उरकते.

त्या गुरुवारी वाचनालयाच्या ग्रंथपालांचा कोट मशीनवर होता. साहेब निवृत्त होत होते. अतिशय लाजाळू माणूस, हात कायम खिशात. "खिसे खोल ठेवा हं," म्हणाले होते, "भाषण करायचंय." नव्या कोटाचे खिसे आकार बिघडू नये म्हणून कच्च्या टाक्याने बंद ठेवतात, आणि देण्याआधी तो धागा ताई ओढून काढते. कोटाला अस्तराची एक शिलाई राहिली होती. तेवढ्यात गाण्यातला ड्रमवाला सुटला. बाकी वाद्यं गप्प, हा एकटाच धडाधड तीन मिनिटं. लंबूचा पाय त्याच्याशी शर्यतीला लागला आणि हात कच्च्या टाक्याच्या रेषेवरून कोट सरकवत गेले. दोन्ही खिसे पक्के शिवून झाले! ताईने धागा काढला, पण मान ताल धरून डोलत होती आणि डोळे मिटलेले होते.

कोट गेला. दोन दिवसांनी वाचनालयाचा शिपाई बटण लावायला आला आणि म्हणाला, "आमच्या साहेबांना भाषणात खिशात हातच घालता येईना. मशीनने शिवलेले हो!"

मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. तीस वर्षांत एका कपड्याची तक्रार आली नव्हती. "गुरुवारी भंगारवाला येतो, हा डबा त्याला देणार," ते गरजले. "आणि लंबू, तू दुसरं दुकान बघ."

लंबूने मशीनवर कापड झाकलं. ताईने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा सुई दातात धरली. भावाला ज्या नजरेचा अभिमान, तिचीच चूक कशी सांगायची? संध्याकाळी तिने माझ्या आडोशाला बसून एक कार्ड लिहिलं.

गुरुवार आला. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा. मास्तर माझी वायर काढायला वाकले आणि तेवढ्यात माझ्यातली निवेदिका एक कार्ड वाचू लागली:

"मागच्या वेळी तुमच्या ड्रमवाल्याने आमच्या दुकानात दोन खिसे शिवले. शिक्षा कारागिराला होते आहे. पण कपडा शेवटी मी बघते, आणि त्या दिवशी मी डोळे मिटून गाणं ऐकत होते. भावाला तोंडावर सांगायचा धीर होत नाही. एक शिंपीण."

मास्तरांचा हात वायरवर तसाच राहिला. ताई काजात तोंड खुपसून बसली. लंबूने पाय मशीनवरून खाली घेतला.

"एका श्रोत्यांचा फोन आहे," निवेदिका म्हणाली.

"मी... तो कोट माझाच," फोनवरचा आवाज अडखळला. "खिसे बंद, म्हणून हात बाहेर राहिले. मग ते आपोआप हलायला लागले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. चाळीस वर्षांत मी इतकं बोललो नव्हतो. त्या ताईंना सांगा, खिसे उसवलेले नाहीत. उसवणारही नाही."

भंगारवाला म्हणाला, "मास्तर, रेडिओ देताय की गाणं संपल्यावर येऊ?"

"तू जा," मास्तर म्हणाले. मग बहिणीकडे न बघता, "ताई, मला नाही सांगितलंस, रेडिओला सांगितलंस?"

"तू कधी ऐकतोस?"

"लंबू, उद्या वेळेवर ये," एवढंच ते म्हणाले आणि मला पाठीत थाप दिली. जरा जोरातच.

आता दुकानात एक नियम आहे. ड्रमवाला सुटला की मशीन बंद आणि हात वर. त्या थापेने माझ्या स्टेशन लावायच्या काट्याची दोरी तुटली होती, ती ताईने काजाच्या दोऱ्याने बांधली. स्टेशन थोडं बाजूला लागतं, पण लागतं.

तर मंडळी, एवढीच विनंती. गुरुवारी शिवलेला कपडा घरी नेलात आणि खिसा उघडेना, तर लगेच कात्री शोधू नका. आधी हात थोडा वेळ बाहेर ठेवून बघा.